ज्ञानकोशकार डॉ. केतकर आणि माझा चुकलेला प्रश्न



या महिन्याच्या भित्तिपत्रकात थोर पुरुषाचे चरित्र लिहिण्याची पाळी माझी आहे. मी आधी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे चरित्र लिहिणार होतो. अर्धे पान लिहून पण झाले होते. ते पान मी बाजूला ठेवले आणि आता डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे चरित्र लिहीत आहे. असे का केले ते सांगतो. पण त्याच्या आधी आमचा प्रश्नांचा खेळ सांगायला पाहिजे, कारण पालकांना तो माहीत नसणार.

आमच्या शाळेत रोज सकाळी परिपाठ असतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष असे सगळे झाले की शेवटी सामान्य ज्ञानाचे पाच प्रश्न असतात. प्रश्न विचारायची पाळी रोज एकेकाची. ज्याची पाळी त्याने आदल्या दिवशी वहीत प्रश्न आणि उत्तरे लिहून आणायची. ज्याचा हात पहिला वर होईल त्याने उत्तर सांगायचे. बरोबर आले तर एक गुण. बाई फळ्याशेजारच्या तक्त्यावर गुण मांडतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता, तर शेकरू. राज्यपक्षी कोणता, तर हरियाल. लोणारचे सरोवर कोणत्या जिल्ह्यात, तर बुलढाणा. कळसूबाई शिखराची उंची किती, तर १६४६ मीटर. असले प्रश्न असतात. कृष्णा नदी कुठे उगवते हा प्रश्न आता बाईंनी बंद केला आहे, कारण महाबळेश्वर आमच्या इतके जवळ आहे की पहिलीतली पोरं पण एकदम ओरडतात.

रोज खेळणारे आम्ही सात-आठ जण पक्के आहोत. बाकीचे कधी कधी हात वर करतात. फेब्रुवारी महिन्यात जास्त गुण मिळवणाऱ्याला बाई कंपासपेटी देणार होत्या. महिन्याच्या शेवटच्या दिवशी माझे ३८ गुण होते आणि एका मुलीचे ३७. ती आमच्याच वर्गात आहे. तिचे आईवडील बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आले आहेत. दिवाळी झाल्यावर ती आमच्या शाळेत आली. टोळीच्या कोप्या ओढ्याच्या पलीकडे आहेत, तिथून ती धाकट्या भावाला घेऊन चालत येते. कधी उशीर होतो, आणि उशीर झाला की त्या दिवशीचे पाची प्रश्न जातात. तरीपण तिचे ३७ झाले होते.

त्या दिवशी प्रश्न विचारायची पाळी नेमकी माझी होती. म्हंजे मला गुण मिळणार नव्हते, फक्त तिला मिळू शकत होते. पहिल्या चार प्रश्नांपैकी एक तिने सांगितला. ३८ आणि ३८ झाले. पाचवा प्रश्न मी विचारला की मराठीतला पहिला ज्ञानकोश कोणी केला. तिने झटकन हात वर केला आणि डॉ. केतकर असे उत्तर दिले. मी चूक म्हणालो. माझ्या वहीत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी असे लिहिले होते. ती म्हणाली की तिच्या गावच्या शाळेत भिंतीवर पदव्यांचा तक्ता आहे, त्यात लोकमान्य म्हणजे टिळक, महात्मा म्हणजे फुले आणि ज्ञानकोशकार म्हणजे केतकर असे लिहिले आहे. मी म्हणालो, वाई आमच्या जवळ आहे, तो मोठा कोश वाईलाच झाला, आम्हांला माहीत नसणार काय. पोरं हसली. ती खाली बसली. गुण सारखे झाले म्हणून बाईंनी पहिलीतल्या एका मुलाला चिठ्ठी उचलायला लावली. चिठ्ठी माझ्या नावाची निघाली आणि कंपासपेटी मला मिळाली.

आता खरे काय झाले होते ते सांगतो. घरी माझ्याकडे प्रश्नोत्तरांचे एक पुस्तक आहे. त्यात प्रश्न असा आहे की मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक कोण. उत्तर लक्ष्मणशास्त्री जोशी. ते बरोबरच आहे. पण विश्वकोश असे म्हटले की लगेच सगळ्यांना वाई आठवते आणि उत्तर सोपे जाते. म्हणून मी विश्वकोश खोडून ज्ञानकोश लिहिले. मला वाटले दोन्ही एकच. ती एवढ्या ठामपणे बोलली तेव्हा माझ्या पोटात जरा कसंतरी झालं होतं. पण मी पुस्तक बघतो असे म्हणालो नाही. बघितले असते तर पेटी गेली असती.

पुढच्या आठवड्यात आजोबा मला वाईच्या वाचनालयात घेऊन गेले. मला तर्कतीर्थांचे चरित्र लिहायचे होते ना. तिथल्या काकांनी विश्वकोशाचे खंड दाखवले. एकेक खंड आमच्या घरच्या पाट्यावरच्या वरवंट्याएवढा जड. काकांनी मला विश्वकोशात शोधायचे कसे ते शिकवले. सगळ्या नोंदी अकारविल्हे असतात, म्हणजे बाराखडीप्रमाणे. आधी अ, मग आ, असे करत शेवटी ह आणि ज्ञ. क मध्ये पण आधी क, मग का, कि, की, असे जायचे. मी मुद्दाम के काढले आणि बोट फिरवत गेलो. केतकर, श्रीधर व्यंकटेश. नोंद होती. आणि मराठीतला पहिला ज्ञानकोश त्यांनीच केला हे तिथे होते. म्हणजे मी ज्या विश्वकोशाच्या जिवावर तिला चूक ठरवले, त्याच विश्वकोशाने मला चूक ठरवले. मी आजोबांना घरी जाऊ या म्हणालो. पण आजोबा म्हणाले की आलो आहोत तर नीट लिहून घे. काकांनी आणखी पुस्तके काढून दिली. ते सगळे मी वहीत लिहून घेतले, ते आता चरित्र म्हणून देत आहे.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. रायपूर आता छत्तीसगड राज्याची राजधानी आहे. त्यांचे शाळेतले शिक्षण अमरावतीला झाले. पुढे ते मुंबईला विल्सन कॉलेजात शिकले. १९०६ साली ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. तेव्हा त्यांचे वय २२ होते. तेव्हा विमाने नव्हती, बोटीने जावे लागे. आजोबा म्हणतात की त्या काळी समुद्र ओलांडला तर भाऊबंद जातीबाहेर टाकायचे, त्यामुळे जाणे सोपे नव्हते.

अमेरिकेत इथाका नावाचे गाव आहे, तिथे कॉर्नेल विद्यापीठ आहे. तिथे थंडीत खूप बर्फ पडतो. तिथे राहून केतकरांनी आपल्या देशातल्या जातींचा अभ्यास केला. जाती कशा झाल्या, लोक त्या का पाळतात, यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. भारतातील जातींचा इतिहास असे त्याचे नाव मराठीत होईल. ते १९०९ साली छापले. १९११ साली त्यांना डॉक्टर ही पदवी मिळाली. हे डॉक्टर म्हणजे सुई देणारे नव्हेत, खूप अभ्यास करणाऱ्याला पण डॉक्टर म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीला हे अजून पटत नाही.

या पुस्तकाची एक गोष्ट मला फार आवडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा १९१६ साली त्यांनी जातींवर एक निबंध वाचला. त्यात त्यांनी आधीच्या विद्वानांनी जातीबद्दल काय म्हटले ते तपासले आहे. त्या विद्वानांमध्ये केतकरांचे पण नाव आहे. म्हणजे बाबासाहेबांनी केतकरांचे पुस्तक वाचले होते. दोघे पण आपल्याच मुलखातले आणि दोघांनी हा अभ्यास अमेरिकेत जाऊन केला.

परत येताना केतकर लंडनला काही काळ राहिले. तिथे त्यांनी हिंदू धर्मावर इंग्रजीत आणखी एक पुस्तक छापले. तिथेच त्यांची एडिथ कोहन या बाईंशी ओळख झाली. १९१२ साली ते भारतात आले. थोडे दिवस कलकत्ता विद्यापीठात शिकवले. कलकत्त्याला आता कोलकाता म्हणतात. एवढे शिकलेल्या माणसाला कुठेही चांगली नोकरी मिळाली असती. पण त्यांच्या डोक्यात वेगळेच होते.

इंग्रजीत मोठमोठे ज्ञानकोश होते. ब्रिटानिका नावाचा ज्ञानकोश तर १७६८ सालापासून निघत होता. त्यात जगातल्या कुठल्याही गोष्टीची माहिती सापडे. पण ज्याला इंग्रजी येत नाही त्याने काय करायचे? मराठीत तसा ग्रंथ नव्हता. आपल्या गावात तेव्हा आमच्याएवढा एखादा मुलगा असता आणि त्याला लोखंड कसे करतात, चीन देश कुठे आहे, बुद्ध कधी झाले असे काही विचारायचे असते, तर एकाच जागी सगळे सांगणारे मराठी पुस्तकच नव्हते. ते करायचे असे केतकरांनी ठरवले.

आता ज्ञानकोश करायचा म्हणजे काय ते मी काकांना विचारले. आधी कोणकोणत्या गोष्टींवर लिहायचे त्याची यादी करावी लागते. मग प्रत्येक गोष्टीची माहिती इंग्रजी, संस्कृत अशा पुष्कळ पुस्तकांतून गोळा करायची. मग ती मराठीत लिहायची. जिथे मराठीत शब्दच नाही तिथे नवा शब्द बनवायचा. मग दुसऱ्याने ते तपासायचे. मग छापखान्यात जायचे. तेव्हा एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ओळ जुळवावी लागे. काना, मात्रा, वेलांटी यांचे पण खिळे. एक पान जुळवायला किती वेळ लागत असेल! जुळवून झाले की कच्चा कागद काढून चुका शोधायच्या, परत खिळे बदलायचे. आम्हांला हे भित्तिपत्रक सुवाच्य अक्षरात लिहायला आठ दिवस लागतात, आणि हे एवढेसे कागद आहेत.

आणि या सगळ्याला पैसे लागतात. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. केतकरांनी १९१५-१६ च्या सुमारास नागपूरला ज्ञानकोश मंडळ काढले. ती एक कंपनी होती. जसे आपल्या साखर कारखान्याचे शेअर शेतकरी घेतात, तसे लोकांनी ज्ञानकोशाचे भाग घ्यायचे, आणि पुस्तक छापायच्या आधीच ग्राहक व्हायचे. त्यासाठी केतकर गावोगाव फिरले. जे पुस्तक अजून लिहिलेले नाही त्याचे पैसे लोकांकडून आधी मागायचे हे किती अवघड! माझे वडील म्हणतात की ते ओळखीच्या माणसाला पण उसाची उचल आधी देताना दहादा विचार करतात. पण लोकांनी पैसे दिले. पुढे हे काम पुण्याला नेले.

पुण्याला त्यांच्याबरोबर पुष्कळ माणसे कामाला होती. त्यांतले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे मराठी शब्दांचा मोठा महाराष्ट्र शब्दकोश केला. तो १९३२ सालापासून निघाला. दाते-कर्वे शब्दकोश असे मोठी माणसे म्हणतात तो हाच. म्हणजे केतकरांच्या कचेरीत काम करता करता लोक कोश कसा करायचा ते शिकले.

१९२० साली एडिथबाई भारतात आल्या आणि केतकरांशी त्यांचे लग्न झाले. त्या मूळच्या जर्मन ज्यू घराण्यातल्या होत्या. लग्नानंतर त्यांचे नाव शीलवती झाले. परक्या देशातून येऊन पुण्यात संसार करायचा, भाषा नवी, जेवण नवे, माणसे नवी. त्या हुशार होत्या. विंटरनित्झ नावाच्या पंडिताने भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मन भाषेत लिहिला होता, तो शीलवतीबाईंनी इंग्रजीत आणला. पुढे म्हातारपणी त्यांनी मीच हे सांगितलं पाहिजे या नावाचे आठवणींचे पुस्तक पण लिहिले. घरात पैशाची ओढ कायम असे.

१९२० नंतरच्या आठ-नऊ वर्षांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे सगळे खंड निघाले. किती, तर २३. पहिले पाच खंड प्रस्तावनेचेच आहेत. मी प्रस्तावना म्हणजे एक पान समजत होतो! त्या पाच खंडांची नावे हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास अशी आहेत. त्यानंतर अकारविल्हे माहितीचे खंड. मग सूचीचा खंड, म्हणजे काय कुठे आहे ते शोधायचा. इतके काम पुढे सरकारने मोठी कचेरी काढून केले, पण केतकरांनी सरकारच्या कचेरीशिवाय केले. म्हणून लोक त्यांना ज्ञानकोशकार म्हणू लागले. पदव्यांच्या तक्त्यात ते नाव असते ते यामुळे.

केतकरांनी कादंबऱ्या पण लिहिल्या. गोंडवनातील प्रियंवदा, परागंदा, ब्राह्मणकन्या अशी त्यांची नावे आहेत. काका म्हणाले की त्या मोठ्यांसाठी आहेत, म्हणून मी उघडल्या नाहीत. जुन्या काळच्या सातवाहन राजांवर पण त्यांचे पुस्तक आहे. १९३१ साली हैदराबादला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे ते अध्यक्ष होते. ज्ञानकोश झाल्यावर ते श्रीमंत झाले असतील असे मला वाटले होते, पण तसे नाही. शेवटची वर्षे ओढाताणीत गेली. त्यांना मधुमेह होता. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते फक्त ५३ वर्षांचे होते. माझ्या आजोबांपेक्षा बरेच लहान.

त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनी महाराष्ट्र राज्य झाले. मग सरकारने मराठी विश्वकोश करायला घेतला, त्याचे काम आपल्या वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली चालले. पहिला खंड १९७६ साली निघाला. म्हणजे केतकरांच्या ज्ञानकोशानंतर कमीतकमी ४५ वर्षांनी. तर्कतीर्थ पण थोर होतेच. त्यांचे चरित्र मी पुढच्या खेपेला लिहीन, ते पान मी ठेवून दिले आहे. पण दोन कोश वेगळे आहेत. ज्ञानकोश केतकरांचा, पुण्याचा, आधीचा. विश्वकोश वाईचा, नंतरचा. केतकरांचा ज्ञानकोश आता संगणकावर पण घातला आहे. बाईंनी शाळेच्या संगणकावर आम्हांला त्याचे एक पान काढून दाखवले. भाषा जुनी आहे, मला चार ओळींतल्या दोनच कळल्या.

वाईहून आल्यावर तीन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. प्रश्न तर होऊन गेला होता, आणि पेटी दप्तरात होती. पण रोज परिपाठाला पाच प्रश्न यायचे आणि ती हात वर करायची, तेव्हा ती आधी माझ्याकडे बघायची. पूर्वी बघत नसे. मी चूक म्हणेन असे तिला वाटत असणार, प्रश्न दुसऱ्याचा असला तरी. एकदा तिला उत्तर येत होते हे मला दिसत होते, तरी तिने हात अर्धा वर करून खाली घेतला. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी बाईंना सगळे सांगितले, विश्वकोश खोडल्याचे पण. बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, वर्गापुढे चूक ठरवले तर वर्गापुढेच बरोबर ठरव, आणि भित्तिपत्रकात लिही, म्हणजे पालकांना पण कळेल.

परिपाठात मी सांगितले. तिने फक्त मान हलवली. पेटी मी तिला देऊ लागलो तर घेईना. चिठ्ठीत निघाली ती तुझीच, असे म्हणाली. मग बाईंनीच तिच्या दप्तरात घातली. त्यातली कर्कटकाची पेन्सिल मी वापरून थोडी झिजवली होती, ती बदलून मी नवी घातली आहे.

आज सभेला तिचे आईवडील येणार आहेत असे ती म्हणाली. आज टोळीला खाडा आहे. कारखान्याचा पट्टा या महिन्यात पडणार, मग ट्रॅक्टर भरून ते सगळे परत बीडला जातील, म्हणून हे भित्तिपत्रक आम्ही चार दिवस आधी लावले आहे. त्यांना वाचता येत नसेल तर मी जवळच उभा आहे, मी वाचून दाखवीन.

फेब्रुवारीचा गुणतक्ता बाईंनी परत लिहिला आहे, तो या कागदाच्या उजवीकडे चिकटवला आहे. त्यात पहिला क्रमांक तिचा आहे, ३९ गुण. माझे ३८.